ट्युरिंग यांचा हातचा

ॲलन ट्युरिंग हे नाव बहुतेकांना दोन गोष्टींसाठी ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडणारा गणिती आणि संगणकाच्या कल्पनेचा एक जनक. तिसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम बिनचूक आहे, त्याच्यावर भरवसा ठेवता येईल, हे ओळखायचे कसे? हा प्रश्न ट्युरिंग यांनी संगणक अस्तित्वात येण्याआधी कागदावर हाताळला आणि संगणक आल्याबरोबर तो पुन्हा हाती घेतला. आज बँकेचे व्यवहार, रुग्णालयातल्या नोंदी, रेल्वेची तिकिटे असे सगळे सॉफ्टवेअरवर चालते. त्यात एक बारीकशी चूक राहिली तरी खात्यातले पैसे किंवा आजाराची माहिती परक्याच्या हाती जाऊ शकते. म्हणूनच अवघ्या ४१ वर्षांच्या त्यांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहणे उपयोगाचे आहे.

भारतातले घर, इंग्लंडमधले बालपण

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. घराण्याचे भारताशी दोन्हीकडून नाते होते. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात नोकरीला होते. त्यांची नेमणूक असलेले छत्रपूर आज ओडिशात आहे. आई सारा यांचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. आईवडील नोकरीसाठी भारतात परतले आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईवडिलांची भेट अधूनमधूनच होई.

मुलगा आपल्याच नादात असे. १९२६ मध्ये शेरबोर्न येथील निवासी शाळेत जायचा दिवस आला तेव्हा देशभर संप होता, गाड्या बंद होत्या. तेरा वर्षांच्या ॲलनने साउदम्प्टनहून सायकल काढली आणि वाटेत एक मुक्काम करून जवळपास शंभर किलोमीटरवरची शाळा गाठली. त्या शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम हा विज्ञानाची तितकीच ओढ असलेला मित्र मिळाला. १९३० मध्ये मॉर्कम क्षयरोगाने दगावला. हा क्षय गाईच्या दुधातून येणाऱ्या जातीचा होता. त्या मृत्यूने ट्युरिंग हादरले. मन, मेंदू आणि यंत्र यांचे नाते काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हापासून राहिला.

१९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिथलेच फेलो झाले.

सर्वज्ञ परीक्षक नाही

१९३६ मध्ये त्यांनी गणनक्षम संख्यांवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात एक काल्पनिक यंत्र होते. लांबच लांब कागदी फीत, तिच्यावर चौकटी, चौकटीत एकेक खूण, आणि खूण वाचून पुढची कृती ठरवणारे डोके. इतक्या साध्या सामग्रीतून कुठलीही हिशेबी कृती करता येते, हे त्यांनी दाखवले. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. एका यंत्राचे वर्णनच फितीवर लिहून दुसऱ्या यंत्राला दिले, तर ते दुसरे यंत्र पहिल्याची हुबेहूब नक्कल करू शकते. आज एकच मोबाइल कॅमेराही होतो आणि बँकही होतो, त्याचे मूळ या कल्पनेत आहे.

पण या कल्पनेतच सॉफ्टवेअरच्या एका जुनाट दुखण्याचेही मूळ आहे. आज्ञा आणि माहिती एकाच फितीवर, एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या खुणांनी लिहिलेल्या असतात. त्यामुळे माहिती म्हणून आत आलेला मजकूर चुकून आज्ञा म्हणून पाळला जाण्याची शक्यता राहते. वेबसाइटवर नाव भरायच्या रकान्यात नावाऐवजी डेटाबेसला द्यायची आज्ञा टंकली आणि निष्काळजी प्रोग्रामने ती तशीच पुढे पाठवली, तर सगळ्या ग्राहकांची यादी बाहेर येऊ शकते. या हल्ल्याला नावही ‘इंजेक्शन’ असेच आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये जगभर धावपळ उडवणारी ‘लॉगफोरशेल’ ही त्रुटी याच कुळातली होती. नोंदवहीत नुसता टिपून ठेवायचा मजकूर तिथे आज्ञेसारखा वागवला जात होता.

त्याच निबंधातून दुसरा, अधिक खोल निष्कर्ष निघतो. कुठलाही प्रोग्राम समोर ठेवला तर तो पुढे कसा वागेल, काम संपवून थांबेल की कायम फिरत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच यांत्रिक पद्धत असू शकत नाही. समजा असा सर्वज्ञ परीक्षक बनवला. मग त्याचाच वापर करून एक हट्टी प्रोग्राम लिहिता येईल. परीक्षक म्हणाला थांबशील, तर हा फिरत राहील, आणि तो म्हणाला फिरत राहशील, तर हा थांबेल. म्हणजे परीक्षक खोटा ठरतो. पुढे १९५३ मध्ये हेन्री राइस या गणितज्ञाने हीच मर्यादा प्रोग्रामच्या वागणुकीविषयीच्या जवळजवळ सर्व प्रश्नांना लागू होते, असे सिद्ध केले.

सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणारी स्वयंचलित साधने आज प्रत्येक मोठ्या कंपनीत वापरली जातात. ती उपयोगी आहेतच. पण ती एक तर काही चुका सोडून देतात, नाही तर नसलेल्या चुकांबद्दल ओरडतात. एक बटण दाबून प्रोग्राम सुरक्षित असल्याची खात्री देणारे साधन कुणी विकत असेल, तर त्याच्या दाव्यावरचे उत्तर १९३६ मध्येच लिहून झाले आहे.

कुलूप भक्कम, सवयी ढिल्या

प्रिन्स्टनला जाऊन १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन ट्युरिंग मायदेशी परतले. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात रुजू झाले. आगामी सहा वर्षांतले बरेचसे काम एनिग्माभोवती फिरणार होते.

एनिग्मा दिसायला टाइपरायटरसारखे. आत फिरणाऱ्या चकत्या, पुढच्या फळीवर अक्षरांच्या जोड्या जुळवणाऱ्या वायरी. चकत्यांची निवड, त्यांचा क्रम, त्यांची जागा आणि वायरींची जोडणी यांच्या शक्य मांडण्या मोजल्या तर एकावर वीस शून्यांपेक्षाही मोठी संख्या येते. एकेक करून पाहणे अशक्यच. जर्मन तज्ज्ञ या संख्येवर विसंबले होते.

पण यंत्राच्या रचनेत एक खोट होती. परतीचा मार्ग सोपा व्हावा म्हणून बसवलेल्या परावर्तकामुळे कुठलेही अक्षर सांकेतिक रूपात स्वतःच राहू शकत नसे. ‘अ’ चा ‘अ’ कधीच होत नसे. ही सोय हल्लेखोराच्या कामी आली. संदेशात अमुक शब्द असणार, असा अंदाज बांधायचा, तो सांकेतिक मजकुराच्या खाली सरकवत न्यायचा, आणि एकही अक्षर स्वतःशीच जुळले की ती जागा बाद करायची.

अंदाज बांधायला माणसांच्या सवयींनी मदत केली. हवामानाचे अहवाल रोज ठरावीक साच्यात येत. पत्ते, पदव्या, शेवटची वाक्ये तीच ती असत. काही यंत्रचालक संदेशाची किल्ली म्हणून कळफलकावरची लागोपाठची अक्षरे वापरत. आज ‘१२३४५६’ हा पासवर्ड ठेवणारी माणसे त्याच वंशातली.

याआधीचा पाया पोलंडच्या गणितज्ञांनी घातला होता. मारियन रेयेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ च्या अखेरीसच एनिग्मात शिरकाव केला होता आणि युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, आपले ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंच तज्ज्ञांच्या हवाली केले होते. ट्युरिंग यांनी ‘बॉम्ब’ या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्राची नवी रचना केली. अंदाजी शब्दाशी विसंगत ठरणाऱ्या मांडण्या ते झपाट्याने बाद करी. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये आले. गॉर्डन वेल्चमन यांनी सुचवलेल्या सुधारणेने त्याची ताकद कितीतरी वाढली.

ट्युरिंग यांच्याकडे जर्मन नौदलाचे संदेश होते. नौदलाची शिस्त कडक असल्याने ते सर्वांत अवघड मानले जात. आणि पणालाही तेच लागले होते. अटलांटिक ओलांडून ब्रिटनला अन्न आणि इंधन आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. पाणबुड्यांच्या जागा कळल्या तर जहाजांचे ताफे दुसऱ्या वाटेने वळवता येत. १९४१ मध्ये ते जमू लागले. पण १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या पाणबुड्यांनी चौथी चकती असलेले एनिग्मा वापरायला सुरुवात केली आणि ब्लेचलीला दहा महिन्यांहून अधिक काळ अंधारात राहावे लागले.

हा अंधार कसा फिटला, हे प्रत्येक प्रोग्रामरने वाचावे असे आहे. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत्या ‘यू-५५९’ या पाणबुडीतून ब्रिटिश नौसैनिकांनी हवामान-संकेतांची नवी पुस्तिका बाहेर काढली. त्या प्रयत्नात टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोघे बुडून मरण पावले. पुस्तिकेच्या आधारे काम केल्यावर लक्षात आले, की हवामानाचे छोटे संदेश पाठवताना पाणबुड्या चौथी चकती तटस्थ जागी ठेवत. किनाऱ्यावरच्या केंद्रांकडे जुनी तीन चकत्यांची यंत्रे होती, त्यांच्याशी जुळावे म्हणून ही सोय. उरलेली मांडणी मात्र दिवसभराच्या महत्त्वाच्या संदेशांचीच. म्हणजे तीन चकत्यांची किल्ली सापडली, की चौथीसाठी फक्त २६ शक्यता तपासायच्या. १३ डिसेंबर १९४२ ला संदेश पुन्हा उलगडू लागले. ट्युरिंग त्या दिवसांत अमेरिकेत होते. काम त्यांच्या तुकडीने पार पाडले.

जुन्याशी जुळवून घेण्यासाठी नव्याची ताकद बाजूला ठेवायची, ही चूक आजही होते. २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘पूडल’ हल्ल्यात वेब ब्राउझरला फसवून १९९६ सालच्या कमकुवत सुरक्षा पद्धतीवर उतरवले जाई. तीही फक्त जुन्या यंत्रणांच्या सोयीसाठी चालू ठेवलेली होती.

जर्मन नौदलाचे प्रमुख डोनित्झ यांना अनेकदा संशय आला. चौकशा झाल्या. पण चौकशी करणारे यंत्राच्या मांडण्यांची ती प्रचंड संख्या पाहत आणि एनिग्मा सुरक्षित असल्याचा निर्वाळा देत. सॉफ्टवेअर कंपन्या आज बाहेरच्या तज्ज्ञांना आपल्याच उत्पादनावर हल्ला करायला सांगतात आणि त्रुटी दाखवणाऱ्यांना बक्षीस देतात, ते याचसाठी. ज्याने कुलूप बनवले, त्याला ते उघडेल अशी कल्पनाच सहसा येत नाही.

पुरलेली चांदी

ब्लेचलीत ट्युरिंग यांच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से झाले. त्यांना परागकणांची ॲलर्जी होती, म्हणून जूनमध्ये ते गॅस मास्क लावून सायकल चालवत. सायकलची साखळी वारंवार निसटे. ती ठरावीक फेऱ्यांनंतरच निसटते हे त्यांनी मोजून काढले आणि चाकाची वाकलेली तार व साखळीची बिघडलेली कडी विशिष्ट जागी भेटतात तेव्हाच असे घडते, हे शोधले, असे सांगतात. चूक नेमकी केव्हा घडते हे आधी पक्के करायचे, मग कारणाकडे जायचे. आजही हीच रीत आहे.

एका बाबतीत मात्र त्यांचीच फजिती झाली. जर्मन आक्रमणाच्या भीतीने १९४० मध्ये त्यांनी चांदीच्या लगडी विकत घेऊन जंगलात पुरल्या आणि जागेची खूण सांकेतिक भाषेत लिहून ठेवली. युद्धानंतर शोधायला गेले तर जागाच सापडेना. चांदी चोरापासून सुरक्षित राहिली, पण मालकालाही मुकली. माहिती गुप्त राखणे जितके गरजेचे, तितकेच ती हक्काच्या माणसाला वेळेवर मिळणेही.

बेरीज आणि हातचे

युद्ध संपल्यावर ट्युरिंग राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा आराखडा करू लागले आणि १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच वर्षी तिथे स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालला होता.

जून १९४९ मध्ये केंब्रिजला संगणकतज्ज्ञांची परिषद भरली. २४ जूनला ट्युरिंग यांनी तिथे एक छोटा निबंध वाचला. विषय होता मोठ्या प्रोग्रामची तपासणी. त्यांनी उदाहरण घेतले ते शाळकरी बेरजेचे. १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७ आणि ७७६८ या संख्यांची बेरीज २६१०४. नुसते उत्तर दिले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एकहाती पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक स्तंभाचा हातचा लिहून ठेवला असेल, तर काम वाटून घेता येते. एकाने एककांचा स्तंभ पाहावा, दुसऱ्याने दशकांचा. प्रत्येक जण आपला छोटा तुकडा तपासेल आणि सगळे तुकडे बरोबर असले, की पूर्ण बेरीज बरोबर.

प्रोग्रामचेही तसेच करा, असे त्यांचे सांगणे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरावीक टप्प्यांवर आपला दावा लिहून ठेवावा. इथे आल्यावर अमुक जागी अमुक किंमत असलीच पाहिजे. तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाने एका दाव्यापासून पुढच्या दाव्यापर्यंतचा रस्ता पडताळावा. शिवाय प्रत्येक फेरीगणिक कमी होत जाणारी एखादी राशीही सांगावी, म्हणजे प्रोग्राम कधीतरी थांबणार हेही पटेल. तेरा वर्षांपूर्वी ज्यांच्या निबंधाने सर्वज्ञ परीक्षकाची आशा संपवली होती, त्यांनीच आता वाट दाखवली. सगळ्या प्रोग्रामांसाठी एकच परीक्षक नसेल, पण लिहिणारा प्रामाणिकपणे आपले हातचे मांडणार असेल तर त्याचा एक प्रोग्राम नक्की तपासता येईल.

हातचा न लिहिल्याने काय होते? २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी पाहावी. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये, समोरचा संगणक जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी एक छोटा निरोप पाठवला जाई आणि तो जसाच्या तसा परत येई. निरोपाची लांबीही पाठवणाराच सांगे. कुणी चार अक्षरे पाठवून ती चौसष्ट हजार आहेत असे सांगितले, तर प्रोग्राम तेवढी अक्षरे भरून देण्यासाठी शेजारच्या स्मृतीतली पासवर्डसारखी गुपितेही देऊन टाकी. सांगितलेली लांबी प्रत्यक्ष लांबीपेक्षा जास्त नसावी, हा एक दावा तिथे तपासला गेला नव्हता. ही चूक सुमारे दोन वर्षे जगभरच्या सर्व्हरांमध्ये होती.

आज सुरक्षित सॉफ्टवेअरसाठी ज्या पद्धती सांगितल्या जातात, त्यांचा गाभा १९४९ च्या त्या निबंधाशी जुळतो. बदल छोट्या तुकड्यांत करा. प्रत्येक तुकडा लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने वाचावा. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट आत घेण्याआधी तपासा. अपेक्षा कोडमध्येच लिहा, म्हणजे ती मोडली की प्रोग्राम स्वतःच बोलेल. आणि तपासणी शेवटी नको, पहिल्या ओळीपासून हवी.

त्या वेळी मात्र या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. छापील प्रतीत छपाईच्या चुकाही बऱ्याच राहिल्या. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये याच दिशेने महत्त्वाचे काम केले, तेव्हा कुठे हा विषय रुजला. ट्युरिंग यांचा निबंध चुका दुरुस्त करून पुन्हा छापला गेला तो १९८४ मध्ये.

ज्याच्यावर भरवसा ठेवला नाही

१९५२ मध्ये ट्युरिंग यांनी जीवशास्त्रात पाऊल टाकले. प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे साध्या रासायनिक क्रियांतून कसे उमटू शकतात, यावरचा त्यांचा निबंध आजही अभ्यासला जातो. त्याच वर्षी त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी स्वतः पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध समोर आले. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर स्त्री-संप्रेरकाचे उपचार पत्करावे लागले. उपचार म्हटले तरी ती शिक्षाच होती, आजार कुठलाच नव्हता. गुप्त कामासाठीची त्यांची परवानगीही काढून घेण्यात आली. देशाची सर्वांत मोठी गुपिते ज्याने वर्षानुवर्षे जपली, त्याच्यावरच अविश्वास दाखवला गेला.

७ जून १९५४ रोजी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो अपघात होता, असे त्यांच्या आईला वाटत राहिले. ब्लेचलीतले काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिल्याने त्यांचे खरे मोल जगाला फार उशिरा कळले. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर क्षमादान दिले आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हातांसाठी मात्र त्यांचा वारसा नोटेवरच्या चित्रापेक्षा साधा आहे. आकड्यांच्या भल्यामोठ्या संख्येवर विसंबू नये, सर्वज्ञ परीक्षकाची वाट पाहू नये, आणि उत्तर देण्याआधी हातचा लिहून ठेवावा, दुसऱ्याला तपासता येईल असा.